वाटून खाणे की आपापले पाहणे?

(श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंदिराच्या पायरीवर बसून मी लहानपणी पाढे पाठ केले. पुढे याच गावच्या शाळेत शिक्षक झालो आणि सेवानिवृत्तही झालो. व्याख्यान द्यावे एवढा माझा अधिकार नाही. परंतु समितीने आज्ञा केली, म्हणून उभा आहे. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

कळसाचे काम चालू असताना मागच्या महिन्यात पारावर चार तरुण बसले होते. त्यांतल्या एकाने मला विचारले, "गुरुजी, समजा उद्या सगळंच बंद पडलं. वीज नाही, यष्टी नाही, रेशन नाही, दुकानात माल नाही. तर गावातली माणसं वाटून खातील का ज्याचं त्यानं बघतील?" दुसरा लगेच म्हणाला, "बघतील की! पहिल्यांदा दाराला कड्या लागतील." सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या घरातच आहे. ते आज सांगणार आहे.

प्रथम, त्या दुसऱ्या मुलाचे म्हणणे पुरते खरे नाही हे सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले होते. सुमारे दहा हजार माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. बाहेरची मदत पोहोचण्याआधी ढिगारे कोणी उपसले? जे वाचले त्यांनीच, हातांनी. ज्याच्या घरातली चार माणसे आत होती तोही शेजाऱ्याची हाक ऐकून धावला. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लाखो माणसे रस्त्यांत अडकली. चाळींतल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, चहा दिला, बिस्किटे दिली. जगभरच्या आपत्तींचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञही हेच सांगतात. अचानक संकट कोसळले की लुटालूट होईल, असे आपण समजतो, त्यापेक्षा ती फार कमी होते, आणि मदतीला धावणारे फार जास्त निघतात.

मग काळजीचे कारण काय? कारण असे की भूकंप एका रात्रीचा असतो. पूर चार दिवसांचा असतो. चार दिवस माणूस देव असतो. दुष्काळ मात्र दोन-दोन, तीन-तीन वर्षे चालतो, आणि तो कधी संपणार हे कोणालाच ठाऊक नसते. माणसाची परीक्षा तिथे होते.

१९७२ साली मी अकरा वर्षांचा होतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात त्याआधीची दोन वर्षेही ओढीचीच गेली होती. बहात्तरला पावसाने पाठच फिरवली. विहिरींचे तळ दिसले. जनावरे कवडीमोलाने गेली. रेशनवर लाल मिलो मिळे, त्याची भाकरी थापताना मोडे. खडी फोडायची कामे निघाली, पाझर तलावांची निघाली. आमचे घर बऱ्यापैकी शेतकऱ्याचे. तरीही वडील डोक्याला मुंडासे घट्ट बांधून, कोणी ओळखू नये म्हणून खाली मान घालून खडीवर जात. मी दुपारी त्यांची भाकरी घेऊन जाई.

तिथे मी रोज पाहिले ते असे. जेवणाची सुट्टी झाली की दहा-बारा जण गोल करून बसत. कोणाकडे भाकरी, कोणाकडे नुसती सुकडी, कोणाकडे मिरचीचा ठेचा. सगळे मध्ये यायचे. वडील आपली अर्धी भाकरी मोडून शेजारच्याला देत. तो माणूस परगावचा. त्याचे नावही त्यांना ठाऊक नव्हते.

आता त्याच वर्षातली घरची गोष्ट. आमच्या वाड्याच्या आवारात एक पेव होते. त्यात सत्तरच्या सुगीची ज्वारी होती. किती ते मला कळत नव्हते, पण होती. पेव सारवून त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या आणि आम्हा मुलांना बजावले होते की बाहेर बोलायचे नाही. एके दिवशी संध्याकाळी वस्तीवरची एक बाई आली. काखेत मूल होते. तिने आईजवळ अधेलीभर ज्वारी उसनी मागितली. आईने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, "आमच्यातच न्हाई, तुला कुठली देऊ?" ती काही बोलली नाही. उंबऱ्याला हात लावून निघून गेली. पंधरा दिवसांनी ते कुटुंब जगायला म्हणून मुंबईकडे गेले. ते पुन्हा गावात आले नाही. आज त्या घराची जोतीही उरलेली नाहीत.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. पुढे पेव उघडले. एक दिवस तसेच उघडे ठेवले, कारण आतली कोंदलेली हवा जीव घेते. मग माणूस आत उतरला. तळाशी पाणी झिरपून निम्मी ज्वारी काळी पडली होती. जनावरेही तिला तोंड लावीनात. वडिलांनी ती उकिरड्यावर टाकली. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे तीस वर्षे जगले, पण त्या बाईचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. आज या सभामंडपात प्रथमच काढतो आहे.

बंधू-भगिनींनो, खडीवर भाकरी मोडून देणारा आणि दारात "न्हाई" म्हणणारा माणूस एकच होता. मग तो चांगला की वाईट? मी यावर पुष्कळ विचार केला. खडीवर वडिलांना माहीत होते की शनिवारी हजेरीचे पैसे मिळणार, परवा पुन्हा काम आहे. तिथे अर्धी भाकरी दिली तर अर्धीच जात होती. घरी तसे नव्हते. एकीला अधेली दिली तर दुसरी येणार, गावभर बोभाटा होणार, आणि पाऊस पुढल्या वर्षीही आला नाही तर पोरांच्या तोंडात काय घालायचे? माणूस आजच्या भुकेला जितका भीत नाही तितका उद्याला भितो. ती भीती एकट्याच्या उरावर असली की हात आखडतो. दहा जणांत वाटली गेली की सैल होतो.

हे केवळ आमच्या घरापुरते नाही. १९४३ साली बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत मेली. भुकेली माणसे कलकत्त्याच्या दारोदार भात मागत नव्हती, भाताचे वेळून काढलेले पाणी मागत होती. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मांडले की तिथे धान्य अजिबात नव्हते असे नाही. युद्धकाळात भाव भडकले, मजुराची मजुरी वाढली नाही, आणि समोर धान्य असून ते त्याच्या हाताला लागेना. याउलट १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. हाल अतोनात झाले, पण बंगालसारखा मृत्यूचा सडा पडला नाही. बंगाली माणूस निर्दय आणि मराठी माणूस दयाळू, असा याचा अर्थ मुळीच नाही. इथे हाताला काम देण्याची व्यवस्था उभी राहिली, तिथे ती वेळेवर राहिली नाही. वि. स. पागे यांनी त्या व्यवस्थेचा आग्रह धरला. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला.

दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या नायगावचे. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून ते अस्वस्थ झाले आणि नायगावच्या माळावर पाणी अडवायला लागले. त्यांच्या पाणी पंचायतीचा नियम ऐकण्यासारखा आहे. पाणी जमिनीच्या हिशेबाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने द्यायचे. माणशी अर्धा एकर, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. यात कोणाच्या दयेवर काही सोडलेले नाही. पाणी आटण्यापूर्वी, डोके थंड असताना वाटणी ठरवलेली आहे.

आपल्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मंगळवेढ्याला त्यांनी बादशाही कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, आणि त्यांचा जीव जाण्याची वेळ आली तेव्हा पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बीदरला जाऊन रक्कम भरून आला. मला वाटते, दामाजीपंत एकटे पडले म्हणून देवाला धावावे लागले. सगळे गाव त्यांच्या पाठीशी उभे राहू शकले असते तर पांडुरंगाला विटेवरून उतरावे लागले नसते.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे, ती कडू आहे. बहात्तरला टँकर आला की काही घरांना रांगेच्या शेवटीच उभे राहावे लागे. ती घरे कोणती, हे मी सांगायला नको. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून आपलीच मुले चालत गावाकडे निघाली, तेव्हा कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. त्याच दिवसांत त्याच रस्त्यांवर पिठलं-भाकरी घेऊन उभी राहिलेली माणसेही होती. तेव्हा माणसे वाटून खातील का, याच्या आधी विचारायचा प्रश्न असा की आपण "आपले" कोणाला म्हणतो? पंगत कुठवर मांडायची हे दुष्काळात ठरवू गेलो तर ती फार लहान होते. सुकाळातच ठरवली पाहिजे.

म्हणून समितीसमोर आणि ग्रामस्थांसमोर तीन विनंत्या ठेवतो. सभामंडपाच्या मागे भांडी आणि सतरंज्यांसाठी जी खोली बांधली आहे, तिचा एक कोपरा धान्यकोठीला द्यावा. दर सुगीला ज्याला जमेल त्याने पायलीभर ज्वारी घालावी. अडलेल्याने न्यावी, पिकल्यावर परत करावी, आणि कोणी नेली हे चावडीवर वाचले जाऊ नये. राळेगणसिद्धीने अशी धान्य बँक चालवून दाखवली आहे. किल्ल्या तिघांकडे असाव्यात. त्यांतली एक बाईमाणसाकडे आणि एक वस्तीवरच्या माणसाकडे असावी.

दुसरी विनंती गावविहिरीची. पाणी कितव्या पायरीला गेले म्हणजे मोटारी बंद करून ते फक्त पिण्यासाठी ठेवायचे, हे या ग्रामसभेत ठरवावे आणि त्या पायरीवर खूण कोरावी. तिसरी विनंती तरुणांना. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करा. पूर असो, साथ असो, पहिल्या दिवशी कोणाचे दार वाजवायचे हे ठरलेले असू द्या.

या कळसासाठी लोकवर्गणी झाली, तेव्हा मोलमजुरी करणाऱ्या बायांनी एकेक दिवसाची मजुरी दिली. देणारे हात या गावात आहेत. त्या हातांवर एकट्याने उद्याची भीती पेलायची पाळी येऊ नये, एवढेच मला मागायचे आहे.

पारावरच्या त्या मुलाला माझे उत्तर असे: बाळा, कड्या लागतीलही. पण एखाद्या दारात आलेली बाई रिकाम्या हाताने परत जाऊ नये, याची तजवीज आज होऊ शकते. धान्यकोठीसाठी पहिली दोन पोती ज्वारी आमच्या घरची. ती मी माझ्या वडिलांच्या नावाने घालतो आहे. ती माझी देणगी समजू नये. ते जुने देणे आहे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.