ठरलेली वेळ आणि रात्रीचा फोन



परवा बोदवडच्या बाजारात मिरचीचा भाव विचारत उभा होतो. मागून एक बाई आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, आमच्या पोराचं कसं काय आहे हो आता?" मनाने खचलेल्या माणसांशी बोलण्याचे, म्हणजे समुपदेशनाचे काम मी करतो, हे गावाला ठाऊक आहे. दुकानदाराने तराजू तसाच धरून मान वर केली. 'बरा आहे' म्हणावे, तर पोरगा माझ्याकडे येतो हे उघड होते. 'कोण पोरगा?' म्हणावे, तर माउलीचे मन मोडते. मी एवढेच म्हणालो, "मावशी, उद्या पाच वाजता शाळेत या." दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितले, की मुलाला विचारल्याशिवाय त्याचे काही सांगता येणार नाही, तो हो म्हणाला तर तिघे मिळून बसू. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहावी, हा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दिला आहे.

मोठ्या शहरात समुपदेशक आणि त्याच्याकडे येणारा माणूस खोलीबाहेर पडले की बहुधा एकमेकांच्या दृष्टीसही पडत नाहीत. आपल्याकडे तोच माणूस एसटीत शेजारी बसतो, लग्नाच्या पंगतीत समोर येतो, हिवाळ्यात भरिताच्या वांग्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहतो. वांगी मी एकदा घेतली, दुसऱ्यांदा नको म्हणालो. पहिल्यांदा घेतली ते चुकले, असे मला अजून वाटत नाही. त्या दिवशी पिशवी परत करणे म्हणजे त्या माणसालाच परत पाठवणे झाले असते.

चूक झाली ती दुसरीकडे. एक तरुण माझ्याकडे येत असे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो.) पोलीस भरतीत दोनदा अपयश आलेले, घरचा कापूस वेचणीच्या वेळी पावसात भिजलेला, झोप उडालेली. पहिल्याच दिवशी मी मोठ्या मनाने म्हणालो, "केव्हाही फोन कर." हे वाक्य बोलायला फार गोड असते. रात्री अकराला फोन येऊ लागला, मग साडेबाराला, मग दोनला. तीन आठवडे मी उचलला. दिवसा भेटीला आला, की त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही उरलेले नसे. रात्री माझ्याजवळ ऐकण्याचे बळ उरलेले नसे. शेवटी एके रात्री मी फोन उशीखाली सारला. काही सांगितले नाही, नुसता उचलला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. मग तो दोन महिने फिरकला नाही. आला तेव्हा म्हणाला, "सर, मला वाटलं, तुम्हीबी कंटाळले."

खोटे नव्हते. मी कंटाळलोच होतो. पण माणूस थकणारच. पाळता येणार नाही असा शब्द मी पहिल्या दिवशी दिला, आणि मोडताना त्याला सांगितलेही नाही. त्या दोन महिन्यांत त्याचे काही बरेवाईट झाले असते तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

रात्री दोन वाजता माणसाला माणूस लागतो, हे खरे. मात्र तो नेहमी एकच असून चालत नाही. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने आपल्या चर्चमध्ये खचलेल्यांसाठी टेलिफोन ठेवला. पुढे ते काम स्वयंसेवकांनी हाती घेतले आणि समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. तिथे एकाची पाळी संपली, की दुसरा बसतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, रात्री विद्यार्थ्याचा निरोप मोबाइलवर आला, तर आपलीही हीच अडचण होते. साधे दुखणे असेल तर 'उद्या मधल्या सुट्टीत बोलू' एवढेच लिहावे आणि मधल्या सुट्टीत खरेच बोलावे. मूल स्वतःच्या जिवाविषयी काही लिहीत असेल, तर वेळेचा नियम बाजूला ठेवावा. त्याच्या घरच्यांना उठवावे, मुख्याध्यापकांना कळवावे, धोका समोर दिसत असेल तर ११२ ला फोन करावा. धोका घरातच असेल, तर घरच्यांआधी मुलांसाठीचा १०९८.

त्या तरुणाला मी कागदावर लिहून दिले: फोन संध्याकाळी पाच ते सहा, निरोप फक्त भेटीची वेळ बदलण्यापुरता, जीव नकोसा झाला तर माझी वाट न पाहता घरात कोणाला तरी उठवायचे आणि १४४१६. त्याने कागद दोनदा वाचला. "अन् पाच-सहात तुम्ही उचलला नाही तर?"

"तर सातच्या आत मी तुला करीन."

आता तो मंगळवारी येतो. बाजारात दिसला, तर त्याने हाक मारल्याशिवाय मी बोलत नाही, हेही आमचे ठरले आहे. बहुधा तो मान हलवतो आणि पुढे जातो.