बुरूडकाम आणि बांबूचे बेट



चिटणिसांनी आम्हांस आपल्या धंद्याविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. आमचे आयुष्य खडू-फळ्यात गेले. तथापि घर बुरुडाचे, तेव्हा बोलण्याचा थोडा अधिकार आम्ही मानतो.

बांबू हे झाड नव्हे. ते गवत आहे, भात-गव्हाच्याच कुळातले. त्याचा कोंब एका हंगामात पूर्ण उंची गाठतो, परंतु काठी कसदार होण्यास दोन-तीन वर्षे जावी लागतात. कोवळी घेतल्यास ती आक्रसते व तिला भुंगा लागतो. पावसाळ्यात बेटास कोयता लावू नये, हा वाडवडिलांचा दंडक अडाणीपणाचा नव्हता. त्या दिवसांत नवे कोंब फुटत असतात, जुन्या काठ्या त्यांस पोसत असतात. तोडलेला बांबू पाण्यात बुडवून ठेवण्यातही शहाणपण होते. त्यातील गोड अंश निघून जातो आणि किडीस खाद्य उरत नाही. हे सारे त्यांस कोणत्या पुस्तकाने शिकविले?

१९२७ च्या वन अधिनियमाने मात्र या गवतास वृक्षांत बसविले होते. २०१७ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळला. वनाबाहेर लावलेला बांबू आता त्या कायद्याने वृक्ष ठरत नाही. नव्वद वर्षांनी का होईना, गवत गवत ठरले!

लग्नातील झाल आणि अखेरची तिरडी, दोहोंचा बांबू बुरूड आळीतूनच जातो. तरी बुरुडास मान किती मिळाला, हे येथे सांगावयास नको. सुपाचा भाव पाडणारे गृहस्थ प्लॅस्टिकच्या घमेल्यास मुकाट्याने पैसे मोजतात. त्यामुळे 'हे काम विसरलेलेच बरे' असे आपली तरुण मुले म्हणतात, त्यांचा आम्हांस राग येत नाही. शाळा सोडून बेळ काढीत बसा, असे आम्ही मास्तर असून कसे सांगू? परंतु शिकलेल्या मुलाने हातचे गमवावे, हेही आम्हांस मान्य नाही. रवळीची वीण ज्यांच्या बोटांत आहे अशा वृद्ध भगिनी आपल्यात आता थोड्याच उरल्या आहेत.

यास्तव मंडळाने दिवाळीच्या सुटीत मुलामुलींचे आठ दिवसांचे वर्ग भरवावेत आणि ज्यांची जमीन आहे त्यांनी बांधावर एकेक बेट लावावे. वर्गात शिकवावयास या भगिनींनाच बसवावे, आणि त्यांस शिक्षकाप्रमाणे रोख मानधन द्यावे. नुसते नारळ व शाल नको.