फिल्टर हलल्याशिवाय ऑइल सोडायचं नाही

आजचा भाग गाडीखाली झोपून ऐकू नका. आधी निवांत ऐका, मग गाडीखाली जा. विषय छोटा आहे, पण अख्खा रविवार खाऊन टाकणारा आहे: घरी सर्व्हिस करताना अडकलेला ऑइल फिल्टर आणि फ्युएल फिल्टर काढायचा कसा?

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सुरुवातीलाच सांगून टाकतो. फिल्टर हलतोय याची खात्री झाल्याशिवाय खालचा ऑइलचा बोल्ट उघडायचा नाही. बहुतेक जण उलटं करतात. आधी घमेलं लावून सगळं ऑइल सोडतात आणि मग फिल्टरला हात घालतात. तो निघत नाही. आता इंजिन रिकामं, गाडी जागची हलवता येत नाही, आणि सोमवारी सकाळी ऑफिस आहे. तेच ऑइल आत असताना फिल्टर तपासला असता, तर फार तर काय झालं असतं? गाडी स्वतःच्या चाकांवर मिस्त्रीकडे गेली असती. म्हणून आधी फिल्टर थोडासा सैल करून बघायचा, हलला की हातानेच परत घट्ट करायचा, आणि मग ऑइल सोडायचं.

आता तो अडकतो का? गंज हे कारण क्वचितच असतं. फिल्टरच्या तोंडाशी रबरी रिंग असते. मागच्या वेळी ती कोरडीच बसवली असेल, किंवा पान्याने आवळली असेल, तर इंजिनच्या उष्णतेने ती महिनोन्‌महिने भाजून निघते आणि धातूला चिकटून बसते. म्हणजे आपली आजची झटापट मागच्या सर्व्हिसच्या दिवशीच ठरलेली असते. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, दिशा. हसू नका, बरेच ‘अडकलेले’ फिल्टर खरं तर उलटे फिरवून आणखी आवळले जातात. नियम साधा आहे: फिल्टरच्या बंद टोकाकडून, म्हणजे डब्याच्या बुडाकडून बघितलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. पण फिल्टर खाली लटकलेला असेल आणि तुम्ही बॉनेट उघडून वरून हात घालत असाल, तर तीच दिशा तुम्हाला बरोबर उलटी दिसते. मी एक करतो. नवीन फिल्टर हातात जुन्यासारखाच धरतो, फिरवून बघतो आणि जुन्यावर मार्करने बाण काढतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरी गोष्ट, तापमान. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. रबर जरा नरम पडतं. पण इंजिन कडक तापलेलं नको. बाजूलाच सायलेन्सरचा पाइप असतो आणि तो आधी तापतो. गाडी उचलणार असाल तर सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, आणि वजन जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. यात तडजोड नाही.

तिसरी गोष्ट, पकड. फिल्टरचा डबा म्हणजे पातळ पत्रा. मधोमध दाबला तर तो चेपतो आणि तुमचा सगळा जोर चेपण्यातच जातो. त्यामुळे पट्ट्याचा किंवा चेनचा पाना इंजिनच्या जवळ, डब्याच्या काठाशी लावायचा. तिथे आत जाड प्लेट असते, म्हणून डबा चेपत नाही. ऑइलने निसरडं झालं असेल तर चिंधीने कोरडं पुसा, आणि पट्ट्याखाली सँडपेपरची पट्टी घाला, खरखरीत बाजू फिल्टरकडे. बुडाला खाचा असतील तर त्याच मापाचा कपासारखा पाना मिळतो, जागा कमी असेल तिथे तो सगळ्यात कामाचा. आणि जोर झटक्याने लावू नका. हळूहळू वाढवत न्या. चिकटलेलं रबर एकदम सुटतं, तेव्हा हात कुठे आपटणार हे आधीच बघून ठेवा.

आता तो प्रसिद्ध जुगाड: स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकायचा आणि दांड्यासारखा फिरवायचा. कधीकधी जमतं. पण बरेचदा पत्रा कागदासारखा फाटतो आणि पकडायला काहीच उरत नाही. शिवाय आतला आट्यांचा पाइप दुखावला तर खर्च वाढला. मुख्य म्हणजे, एकदा भोक पडलं की ती गाडी सुरू करता येत नाही. भोक पडेपर्यंत तुमच्याकडे गॅरेजला जायचा पर्याय असतो, त्यानंतर नसतो. त्यामुळे माझं मत असं की दोन प्रकारचे पाने वापरूनही फिल्टर हलला नाही, तर थांबा. हार मानली असं काही नाही त्यात. मिस्त्रीकडे लिफ्ट आहे, चांगली पकड आहे, दहा मिनिटांत काढून देईल.

बाइकवाल्यांसाठी: बऱ्याच बाइकमध्ये फिल्टर एका झाकणामागे असतो. बोल्ट काढूनही झाकण सुटत नसेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून कायमचं ऑइल पाझरतं. रबरी हातोडीने कडेकडेने हलकेच ठोका.

फिल्टर निघाला की लगेच नवीन लावायचा नाही. आधी बघा, जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का? ती इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर दुसरी बसली, तर प्रेशर आल्यावर ऑइल भसाभस बाहेर येतं आणि काही मिनिटांत इंजिनची वाट लागते. बसायची जागा पुसा, नवीन रिंगला बोटाने ताजं इंजिन ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवत न्या. रिंग टेकली की त्यापुढे साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. डब्यावर वेगळं काही छापलं असेल तर ते पाळा. ऑइल भरून गाडी सुरू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. मग बंद करून गळती आणि पातळी तपासा.

आता फ्युएल फिल्टर. इथे खेळ वेगळा आहे, कारण चूक झाली तर आग. नव्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हा फिल्टर टाकीतच पंपाबरोबर असतो. तसा असेल तर ते काम घरी करायचं नाही. बाहेर असेल तर लाइनमध्ये प्रेशर असतं. इंजेक्शनच्या गाडीत ते ३ बारच्या आसपास किंवा जास्तही असतं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, एकदा-दोनदा सेल्फ मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन थंड, जागा मोकळी, बेसमेंट पार्किंग अजिबात नाही. अडकलं म्हणून गरम करायचा विचारसुद्धा नको.

पाइपच्या प्लास्टिक क्लिपा अडकतात त्या धुळीमुळे. आधी ब्रशने स्वच्छ करा. मग पाइप ओढायच्या आधी फिल्टरकडे थोडा आत ढकला, क्लिप दाबा आणि मग ओढा. आत ढकलल्याने क्लिपवरचा ताण जातो. भोवती चिंधी गुंडाळा, थोडं पेट्रोल येणारच. नट असतील तर दोन पाने लागतात: एकाने फिल्टर धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर पाइप पिळवटतो. नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनच्या दिशेने.

डिझेलमध्ये फिल्टरखाली पाण्याचा सेन्सर असेल तर त्याची वायर आधी काढा. नवीन बसवल्यावर हातपंपाने हवा काढा. आणि इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांना हात लावू नका. कॉमन रेल गाडीत तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडीतून आत शिरते.

जुनं ऑइल गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, तिथून ते पुढे जातं. फिल्टरही रात्रभर निथळू द्या आणि त्याच्याबरोबरच द्या.

आणि नवीन फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी तो काढणारा माणूस तुम्हीच असणार आहात. पान्याने आवळून स्वतःशीच वैर धरू नका. चला, भेटू पुढच्या भागात!