टिपलेले आणि टिकलेले
(साखरखेर्डा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१७२४ च्या ऑक्टोबर महिन्यात याच साखरखेर्ड्याच्या परिसरात निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात जी लढाई झाली, जीत मुबारिझखान ठार झाला आणि जिच्यानंतर दख्खनच्या राजकारणाला पुढील दोन शतके पुरेल असे वळण मिळाले, तिचा वृत्तांत आज आपण सांगू शकतो तो फारसी तवारिखा लिहिणाऱ्यांमुळे, आणि त्याहूनही अधिक, त्या तवारिखांच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या करून त्यांचा सांभाळ करणाऱ्या अनाम कारकुनांमुळे. त्या रणभूमीवर कॅमेरा नव्हता. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गावोगावच्या उत्सवांचे आणि लग्नांचे जे चित्रण झाले, त्यातले किती आज डोळ्यांनी पाहता येईल, असा प्रश्न केला तर बहुतेक घरांतून उत्तर नकारार्थीच येईल. चलच्चित्राच्या तंत्रविद्येवर बोलावे अशी आपली आज्ञा झाली, तेव्हा नव्या यंत्रांची वार्ता मी सांगणारच आहे. परंतु चित्र टिपण्याची विद्या जितक्या वेगाने वाढली तितकी ते टिकवण्याची बुद्धी आपल्यात वाढली नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

या विद्येचा आरंभ आपल्या मराठी माणसांनी कसा केला, ते आधी पाहू. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चित्रे दाखवली गेली; ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि कुस्तीचे चित्रण केले. पुढे त्र्यंबकचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशूच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला, आणि आपली पुराणे पडद्यावर आणण्याच्या ध्यासाने विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले. परत येताना त्यांनी विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची तजवीज केली. भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी त्यांनी जे चित्रण केले त्याची गोष्ट तर शेतकरी श्रोत्यांनी अवश्य ऐकावी: कुंडीत वाटाणा पेरून, त्याला अंकुर फुटून वेल चढेपर्यंत ठराविक अंतराने एकेक चित्र त्यांनी टिपले, आणि कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत घडवून दाखवली. आज मोबाइलमध्ये 'टाइमलॅप्स' म्हणून जी सोय एका बोटाने चालू होते, तीच ही. फाळक्यांपाशी बोटाऐवजी धीर होता, एवढाच फरक.

त्या काळच्या कामाची मेहनत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. कोरी फीत कारखान्यातून येई ती छिद्रांवाचून. कॅमेऱ्याच्या दात्यांनी तिला पुढे ओढावी म्हणून दोन्ही कडांना अगदी समान अंतरावर छिद्रे पाडावी लागत, आणि हे सारे अंधारात, कारण प्रकाशाचा एक कवडसा शिरला तरी फीत वाया. दादरच्या राहत्या घरी, दिवसभर कलाकारांच्या पंगतीचा स्वयंपाक उरकल्यावर, सरस्वतीबाई फाळके रात्री हे काम करीत. फीत रसायनात धुण्याचे कामही त्यांनी शिकून घेतले, आणि उन्हात चित्रण चालू असता प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. माझ्या मते भारतातील पहिल्या स्त्री चित्रपट-तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात यायला हवे.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी आणि त्यांचे नात्याने बंधू आनंदराव यांनी तो स्वतःच घडवण्याचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव निवर्तले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून, लेथवर एकेक भाग कातून, ते यंत्र तडीस नेले. त्यातूनच त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला, आणि लोकमान्यांनी 'सिनेमा केसरी' म्हणून बाबूरावांचा गौरव केला. त्याच कार्यशाळेत हात बसलेले दामले पुढे 'प्रभात' फिल्म कंपनीत ध्वनिमुद्रणाचे जाणकार झाले, आणि फत्तेलालांच्या जोडीने त्यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ चा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. यंत्राचे अंतरंग ज्याला कळते त्याच्या कलेलाही बळ येते, याचा याहून सबळ दाखला मला ठाऊक नाही.

आणि आता दुःखाची गोष्ट. ज्या 'सैरंध्री'साठी एवढा खटाटोप झाला, तो आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच उरली, आणि ती तरी मूळ १९१३ ची की १९१७ साली फाळक्यांनी नव्याने केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' आपल्याला पाहता येत नाही. मूकपटांच्या काळात या देशात सुमारे तेराशे चित्रपट झाले. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच अखंड उरले असतील. कारण केवळ अनास्था नव्हे. जुनी नायट्रेट फीत ज्वालाग्राही असे, तिच्यातली चांदी काढून विकण्याचा धंदा चाले, आणि खेळ संपलेला चित्रपट मालकाच्या लेखी अडगळ ठरे. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट अभिलेखागार स्थापन झाले आणि पी. के. नायरांसारख्या माणसाने आपले आयुष्य खर्ची घालून दारोदार रिळे गोळा केली, म्हणून जे आहे ते आहे. तिथेही २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फितींना आग लागून फार मोठा ठेवा भस्मसात झाला.

नायट्रेटनंतर आलेली ॲसिटेटची फीत पेटत नसे, परंतु उष्ण-दमट हवेत ती कुजू लागते आणि डब्याचे झाकण उघडताच व्हिनेगरचा आंबूस दर्प येतो. तो दर्प आला की जाणकार ओळखतो, हिच्या प्रतीची निकड आहे. त्यानंतरची व्हीएचएस कॅसेट आपणा सर्वांच्या परिचयाची. हॅलोजनच्या झगझगाटात खांद्यावर कॅमेरा घेऊन शूटिंगवाला मांडवात शिरला की अंतरपाट धरणारेसुद्धा त्याच्याकडे पाहत, तो काळ फार दूरचा नाही. त्या कॅसेटच्या आतली फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. काळ लोटला की चिकटद्रव्य ओल धरते, फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढते, आणि तशीच ती यंत्रात घातली तर भुकटी खरवडून निघते व तिच्यासोबत त्या दिवशीची माणसेही. शिवाय वाचणारे यंत्रच दुर्मिळ झाले आहे: व्हीसीआर बनवणारी अखेरची मोठी जपानी कंपनी फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले.

यावर कोणी म्हणेल, आता सर्व डिजिटल झाले, मग चिंता कसली? या मताचा मी आदर करतो, पण ते मला मान्य नाही. २००७ साली 'रेड'चा आणि २०१० साली 'अलेक्सा'चा डिजिटल कॅमेरा आला, २०१२ च्या आरंभी कोडॅकसारख्या कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, आणि फितीचा खर्च गेल्यामुळे ज्यांच्या गाठीला पैसा नाही अशा मुलांनाही चित्रपट करण्याची मुभा मिळाली. हे मोठे हित झाले. पूर्वी बोलपटाची नव्वद फूट फीत एका मिनिटात संपे, म्हणून दिग्दर्शक आधी विचार करी आणि मग कॅमेरा चालवी. आता बटण दाबून ठेवले तरी खर्चाचा धाक नाही. पण कपाटात पडून राहिलेली फीत पन्नास वर्षांनी उजेडासमोर धरली तर निदान चित्र दिसते. हार्ड डिस्क बिघडली तर हाती काहीच लागत नाही. शूटिंगवाला पेनड्राइव्ह देतो आणि पुढच्या लग्नासाठी मेमरी कार्ड पुसतो. घरचे लोक त्यातला तुकडा व्हॉट्सॲपवर धाडतात, तो पाठवतानाच आक्रसतो, आणि मूळ फाइल मोबाइलबरोबर जाते. शेवटी उरते ती आक्रसलेली नक्कल.

याच संदर्भात अगदी अलीकडची वार्ता सांगितली पाहिजे. शब्दांत वर्णन लिहून दिले की यंत्राने चित्रपटासारखे चलच्चित्र रचावे, अशी कृत्रिम प्रज्ञेची साधने गेल्या काही वर्षांत निघाली. २०२४ च्या फेब्रुवारीत 'सोरा'ची वार्ता प्रसिद्ध झाली तेव्हा साऱ्या चित्रपटसृष्टीत खळबळ उडाली. कलावंतांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यात आहेच आणि तो लहान नाही. परंतु मला अधिक चिंता वाटते ती साक्षीची. जमिनीच्या दाव्यात अस्सल दस्तऐवज कोणता आणि बनावट कोणता हे ठरवण्यासाठी कचेरीत शिक्का, तारीख, लिहिणाऱ्याची सही आणि दप्तरातली नोंद पाहतात. घडलेच नाही असे दृश्य ज्या काळात कोणीही रचू शकतो, त्या काळात खऱ्या चित्रणालाही अशाच नोंदीची गरज पडणार: कोणी टिपले, कोठे, कोणत्या दिवशी, मूळ फाइल कोणापाशी आहे. ही नोंद आज केली नाही तर पुढच्या पिढीला आपले खरे चित्रणही संशयास्पद वाटेल, आणि तो दोष तिचा असणार नाही.

म्हणून या गावाला माझी विनंती आहे. पलसिद्धांच्या मठातील आणि प्रल्हादमहाराजांच्या समाधिस्थानातील उत्सवांचे, जुन्या कीर्तनांचे, बाजाराचे, घरच्या लग्नकार्याचे जे चित्रण कोणाकडे असेल, ते एकदा शोधून काढा. कॅसेटला बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, जाणत्याकडून आधी साफ करून घ्या. पत्र्याखालच्या तापणाऱ्या खोलीतून ती थंड, कोरड्या जागी हलवा. डिजिटल प्रत झाली की तिच्या तीन नकला ठेवा, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साठ्यांवर, आणि त्यांपैकी एक गावाबाहेर. दर चार-पाच वर्षांनी त्या उघडून पाहा आणि नव्या साठ्यावर उतरवा. प्रत्येकीसोबत तिच्यात दिसणाऱ्या माणसांची नावे, प्रसंग आणि साल कागदावर लिहा, कारण ते चेहरे ओळखणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत. हा जिम्मा गावातील एखाद्या वाचनालयाने किंवा शाळेने घेतला तर खर्च फार नाही. एखादे कपाट, तीन नकलांपुरते साठे, एक नोंदवही आणि तिची जबाबदारी अंगावर घेणारे एक माणूस, एवढ्यावर हे काम उभे राहते. हाती वेळ मात्र थोडा आहे: कॅसेट वाचणारी जी जुनी यंत्रे दुरुस्त करून चालू ठेवली आहेत ती बंद पडण्यापूर्वी, शक्य तर या पावसाळ्याआधीच, आरंभ करावा.