मैदान आणि मार्कलिस्ट
(वर्धापनदिनाच्या पालक मेळाव्यात विहाराच्या अभ्यासिकेतर्फे झालेले भाषण)



कबड्डी, खो-खो, धावणे यांत चमकणारी पोरे-पोरी आपल्या वस्तीत कमी नाहीत. घरोघरी ढाली आहेत, भिंतीवर प्रमाणपत्रे आहेत. आज आम्हाला बोलायचे आहे ते त्या प्रमाणपत्राला जोडायच्या मार्कलिस्टबद्दल.

शालेय स्पर्धेत उतरायला काय लागते? १४, १७ किंवा १९ वर्षांखालचे वय आणि शाळेत नाव. गणितात किती पडले, यावर सहसा कोणाचे अडत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात उलटे आहे. तिथे १९८४ साली कायदाच झाला : एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले की सामना बंद. आधी ही बंदी सहा आठवड्यांची होती, १९९५ साली ती तीन आठवड्यांवर आली. हा नियम गरिबाच्या पोरालाच जास्त मारतो अशी टीका तिथेही झाली, आणि ती आम्हाला पटते. पण तिथल्या पोराला पंधराव्या वर्षी कळते की आपण कुठे कमी आहोत. आपल्याकडे कळते ते नोकरीचा फॉर्म भरताना!

रेल्वेच्या खेळाडू भरतीत सगळ्यात खालच्या पदाला दहावी किंवा आयटीआय लागते, त्यावर बारावी, त्याहून वर पदवी. पोलीस शिपायाला बारावी. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे खरे, पण त्या पदाचे शिक्षण कोणी माफ करत नाही.

आमच्याच गल्लीतला एक रेडर राज्य पातळीवर खेळून आला. दहावीत दोन विषय राहिले ते राहिलेच. आज तो गोदामात खोकी उचलतो आणि संध्याकाळी लहान पोरांना रेड मारायला शिकवतो. त्याच्या खेळात काही कमी नव्हते हो.

म्हणून खेळ सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दहावी आली की बूट माळ्यावर टाकणारे पालक आहेत, आणि मुलगी असली तर माळ्यावरून ते परत खाली येतच नाहीत. हे आम्हाला पसंत नाही. खेळाचे गुणही मिळतात. स्पर्धेच्या पातळीप्रमाणे बोर्डाच्या परीक्षेत जास्तीत जास्त २५. पण ते आपोआप पडत नाहीत. शाळेने प्रस्ताव करून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे वेळेत पाठवावा लागतो. एका शाळेत तो कागद कपाटातच राहिला आणि पोरगी आठ गुणांनी गेली. तेव्हा बाबांनो, शाळेत जाऊन विचारा. ‘सर, प्रस्ताव गेला का?’ असे विचारायला लाजू नका.

आणि नापास झालेच, तरी वर्ष गेले असे समजू नका. त्याच वर्षी फेरपरीक्षा होते. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म आहे.

खरी अडचण वेळेची. स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, जिंकत गेले की हिवाळा उजाडतो, आणि फेब्रुवारी-मार्चात पेपर. दहावीत जागे होऊन भागत नाही, आठवी-नववीतच गणित-इंग्रजी धरावे लागते. म्हणून खेळाडू मुलांसाठी सरावानंतर, रात्री आठ ते साडेनऊ, वेगळा वर्ग घ्यायचे आम्ही ठरवले आहे. वही दाराजवळ ठेवली आहे. जाताना नाव लिहा, आणि रविवारी येताना मुलाचे खेळाचे प्रमाणपत्र व मागच्या चाचणीचे गुणपत्रक, दोन्ही घेऊन या.