वृद्धांच्या घराची राखण



चेंबूरला जुनीं बैठीं घरें जाऊन उंच इमारती उभ्या राहत आहेत. मुलें परदेशीं आणि घरांत दोनच वृद्ध जीव, असा संसार तेथें आतां दुर्मिळ नाहीं. मुंबईंत एखाद्या वृद्धेचा खून झाल्याची वार्ता आली, कीं अशा इमारतींत दोन गोष्टी घडतात. दाराला आणखी एक कुलूप चढतें आणि कामवाल्या बाईकडे सारे संशयानें पाहूं लागतात. या दोन उपायांची आज थोडी परीक्षा करूं.

१ डिसेंबर १९७६ च्या रात्रीं पुण्यास भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृति’ बंगल्यांत संस्कृत व्याकरणाचे वयोवृद्ध पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नातू, नात आणि कामाची वृद्ध बाई अशा पांच जणांची हत्या झाली. मारेकरी घंटा वाजवूनच आंत शिरले होते. ते शहरांतल्याच एका कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्या दिवसांत पुणें दिवेलागणीलाच दारें लावून बसूं लागलें. पुढें २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं चौघांना येरवड्यास फांशी झाली.

त्या घरीं मोलकरीण मालकांबरोबर मारली गेली आणि मारणारे सुशिक्षितांत वावरणारे तरुण होते, हें आपण विसरतों. नोकरांकडून गुन्हे घडतच नाहींत असें नव्हे. नव्या माणसाची नोंद पोलिसांत अवश्य करावी. परंतु वर्षानुवर्षें रोज येणारी बाई ही त्या घराची खबर घेणारी एकमेव व्यक्ति असते. तिला दुखावून दूर केलें, तर तो पहारा आपणच उठविला असें होईल. आणि कुलूप चोराला अडवितें, तसें मदतीलाही अडवितें.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालीं महाराष्ट्रानें २०१० सालीं नियम केले. प्रत्येक ठाण्यानें एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवावी व महिन्यांतून एकदां तरी त्यांची भेट घ्यावी, असें त्यांत सांगितलें आहे. पण नांव कोणीं कळविल्याखेरीज पोलिसांना तें घर दिसणार कसें? तें काम शेजाऱ्याचें. वृद्धांच्या अडचणींसाठीं १४५६७ हा दूरध्वनि क्रमांकही आहे. तो त्यांच्या हाताशीं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

सकाळची दुधाची पिशवी दहा वाजेपर्यंत दारांतच दिसली, तर घंटा वाजवून “आजी, बऱ्या आहांत ना?” असें विचारणारा शेजारी हवा. त्या दाराची घंटा रोज ओळखीच्या हातानें वाजूं लागली, म्हणजे अनोळखी हाताला ती वाजवितांना चार डोळ्यांची भीति वाटेल.