वाढदिवसाची भेट : एका दिवसाची राखणदारी

वाढदिवसाला मुलांना काय द्यावें, हा प्रश्न सुखवस्तु घरांत दरवर्षीं नव्यानें पडतो. खेळणीं आठ दिवसांत अडगळींत जातात, कपडे सहा महिन्यांत तोकडे होतात. इंग्लंडांतील प्राणिसंग्रहालयांनीं गेल्या कांहीं दशकांत या प्रश्नाला एक मोठें चमत्कारिक उत्तर काढलें आहे. पैसे भरावे आणि एक दिवस, किंवा अर्धा दिवस, तेथील प्राणिरक्षकाच्या हाताखालीं काम करावें. काम म्हणजे खरेंच काम: शेण काढणें, भाजी चिरणें, बादल्या उचलणें. जें करण्यासाठीं एरव्हीं माणसाला वेतन द्यावें लागतें, तेंच करावयास मिळावें म्हणून लोक पदरचे पैसे मोजतात आणि वर आभारही मानतात, हें ऐकून कोंकणांतील एखादा गुराखी पोट धरधरून हंसेल.

हंसण्याचा तो मान एका आजीनें घेतला. मुलगा व सून नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मध्य भागांत स्थायिक झालेलीं. नात दहा वर्षांची व्हावयाची. आणि आजी तीन महिन्यांसाठीं रत्नागिरीकडून आलेली. नातीच्या हातांत पाकीट पडलें, त्यांतून वाघाचें चित्र असलेलें पत्र निघालें, तेव्हां नातीनें आनंदानें उडी मारली; आणि आजीनें विचारलें, "गोठा साफ करायला एवढे पैसे? मग माझ्या माहेरच्या गोठ्याचे माझे किती झाले असते रे?" मुलीच्या मनांत मात्र गोठा नव्हताच. तिच्या मनांत होता वाघ. त्याच्या मानेवरून हात फिरवावयाचा, हें तिनें पत्र वाचतांच ठरवून टाकलें, आणि घरांत कोणीही तिचा हा भ्रम दूर केला नाहीं. वाढदिवसाच्या आधीं मुलाचा हिरमोड करण्याचें धैर्य फार थोड्या आईबापांना असतें.

ऑगस्टमधील एका सकाळीं तीं चौघें संग्रहालयाच्या मागच्या दारानें आंत शिरलीं. रबरी बूट चढविणें, जंतुनाशक पाण्यांत ते बुडविणें, हात धुणें, आणि मागचें दार लागल्यावांचून पुढचें न उघडणें, एवढा पाठ प्रथम झाला. तो देणारी रक्षिका पंचविशीची मुलगी होती. तिनें नातीच्या हातांत फावडें दिलें आणि सर्वांना जिराफांच्या घराकडे नेलें.

तेथें आजीला मोठें नवल वाटलें. पंधरा-सोळा फूट उंचीचें तें जनावर, आणि त्याच्या लेंड्या पाहाव्या तों शेळीच्या! जिराफही रवंथ करणाराच. पाल्यांतील पाणी तो इतकें शोषून घेतो कीं बाहेर पडतात त्या कोरड्या गोळ्या. रक्षिका प्रत्येक ढीग टाकण्यापूर्वीं निरखून पाहात होती. रानांतले जनावर आपलें दुखणें लपवितें, कारण दुबळेपणा दिसला कीं शिकारी टपलेलाच. म्हणून तें काय खातें आणि काय टाकतें यावरूनच त्याची प्रकृति ओळखावी लागते, असें ती सांगूं लागली. मुलगा भाषांतर करण्यापूर्वींच आजीनें मान हलविली होती. शेण पाहून गाईचें पोट ओळखणें तिला कोणी निराळें शिकवावयास नको होतें. त्यापुढें त्या दोघींचें मुलावांचूनच चालूं लागलें.

नंतर स्वयंपाकघर. तेथील फळ्यावर प्रत्येक प्राण्याचें नांव आणि त्यापुढें अन्नाचें वजन लिहिलेलें होतें. नातीनें माकडांसाठीं केळीं शोधलीं, तीं नव्हतींच. बाजारांतलीं फळें माणसाच्या जिभेला रुचावीं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गोड केलेलीं असतात. माकडांचे दांत त्यांनीं किडतात आणि अंगावर चरबी चढते. पेंटन येथील संग्रहालयानें २०१४ सालीं याच कारणासाठीं आपल्या माकडांचीं केळीं बंद करून भाज्या वाढविल्या. लंडनच्या संग्रहालयांत याच्या नेमकी उलट तऱ्हा एके काळीं होती. १९२६ पासून १९७२ पर्यंत तेथें चिंपांझींना टेबलापाशीं बसवून चहापान करवीत, आणि मुलें टाळ्या पिटीत. त्या काळीं जनावरानें माणसाचें सोंग आणावें यांत मौज वाटे. आतां माणसाचें मूल जनावराचा चाकर होऊन एक दिवस राबतें. दोहोंतील दुसरी करमणूक अधिक सभ्य आहे, यांत शंका नाहीं.

दुपारीं पेंग्विन. हे हंबोल्ट जातीचे, पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरचे. बर्फाशीं यांचा संबंध नाहीं. भायखळ्याच्या राणीच्या बागेंत २०१६ सालीं आणलेले आठ पेंग्विन याच जातीचे, हें कळतांच आजीनें "मग हे आपल्याकडचेच कीं" असा निर्णय देऊन टाकला. गोठवून ठेवलेल्या मासळींतील एक जीवनसत्त्व कमी होतें, म्हणून माशाच्या कल्ल्यांत गोळी दडवून तो मासा द्यावयाचा. मासा डोक्याकडून द्यावयाचा, म्हणजे खवले व कांटे घशांत उलटे लागत नाहींत. प्रत्येक पक्ष्याच्या पंखावर रंगीत पट्टा असतो, आणि कोणत्या रंगानें किती मासे खाल्ले हें वहींत टिपावयाचें. वही नातीकडे आली.

पिवळ्या पट्ट्याचा एक पक्षी भिंतीपाशीं एकटा उभा होता. पिसें विस्कटलेलीं, कांहीं गळलेलीं, एखाद्या जुन्या गादीसारखा अवतार. नातीनें त्याच्यापुढें मासा धरला. त्यानें मान फिरविली. दुसरा धरला, तेंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलें. तेव्हां रक्षिकेनें सांगितलें कीं हा पीस टाकीत आहे. या दोन-तीन आठवड्यांत अंगांत पाणी मुरतें म्हणून पेंग्विन समुद्रांत जात नाहीं, समुद्र नाहीं म्हणून मासळी नाहीं. आधीं भरपूर खाऊन घेऊन तो उपास काढतो. येथें मासळी समोर असूनही शरीराची संवय सुटत नाहीं. "मग मी काय करूं?" मुलीनें विचारलें. "शून्य लिही," रक्षिका म्हणाली. मुलीनें शून्य लिहिलें, पण पुन्हां पुन्हां वळून ती त्याच्याकडे पाहात राहिली.

वाघ शेवटीं आला. दोन जाळ्यांच्या पलीकडे रक्षिकेनें एका काठीचें टोंक उंच धरलें, वाघ मागच्या पायांवर उभा राहिला, आणि चिमट्यानें दिलेला मांसाचा तुकडा खात असतां तिनें त्याचें पोट व पंजे तपासले. नातीनें धीर करून विचारलें, "याला हात कधीं लावायचा?" रक्षिका म्हणाली, "सहा वर्षें मी याला सांभाळतें आहें. अजून एकदांही हात लावलेला नाहीं." मुलगी गप्प झाली. राग आला कीं ती ओठ चावते. तसे तिनें ते चावले.

मुलीच्या वडिलांनाही तें पिंजऱ्याचें जाळें रुचलेलें दिसत नव्हतें. रानांतला वाघ याच्या योगानें वाचतो काय, असें त्यांनीं सरळ विचारलें. प्रश्न रास्त होता. सैबेरियाचे हे वाघ १९४० च्या सुमारास रानांत पन्नासाच्याही आंत आले होते, आणि पुढें वाढले ते मुख्यतः शिकारबंदीनें, पिंजऱ्यानें नव्हे. संग्रहालयांची खरी कमाई पाहावयाची तर ती बहुधा कोणी पाहावयास थांबत नाहीं अशा ठिकाणीं असते. पॉलिनेशिया बेटांवरील पार्टुला नांवाच्या नखाएवढ्या गोगलगाई परक्या भक्षक गोगलगाईंनीं जवळजवळ निःशेष केल्या. त्यांतल्या कित्येक जाती केवळ संग्रहालयांतील काचेच्या पेट्यांत उरल्या, आणि २०१५ पासून त्यांची पिल्लें पुन्हां त्या बेटांवर सोडण्यांत येत आहेत. वाढदिवसाच्या पाकिटावर मात्र गोगलगाईचें चित्र छापून भागत नाहीं.

संध्याकाळीं घरीं आजीनें नातीला ओवाळलें. मुलीच्या केंसांना मासळीचा वास येत होता, तरी ती न्हावयास तयार नव्हती. वाघाचा विषय तिनें काढला नाहीं. निजण्यापूर्वीं तिनें एक पत्र लिहिलें, पिवळ्या पट्ट्याचा उपास कधीं सुटणार एवढेंच विचारणारें, आणि दुसऱ्या दिवशीं आजीबरोबर जाऊन पेटींत टाकलें.

उत्तर तीन आठवड्यांनीं आलें. त्यांत वहीच्या एका पानाची नक्कल होती. वरच्या बऱ्याच ओळींत पिवळ्यापुढें शून्य, शून्य, शून्य. त्यांतलें पहिलें तिच्याच हातचें. सर्वांत खालच्या ओळींत लिहिलें होतें: सात.